मूकपटातील शब्द

१

‘मूकपट’ ही संज्ञा मागाहून आलेली आहे. १९३१ सालच्या मार्च महिन्यात मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला, पडदा बोलू लागला, आणि मग आधीचा पडदा मुका होता असे म्हणण्याची गरज निर्माण झाली. तोपर्यंत त्याला ‘मूक’ हे विशेषण लावण्याचे काही कारण नव्हते. या मागाहून आलेल्या नावाबरोबर दोन समजुतीही रूढ झाल्या. पहिली समजूत चित्रपटाच्या चाहत्यांची: मूकपटाला भाषा नव्हती म्हणून तो सर्वांचा होता, तो लाहोरात जसा समजे तसाच मदुरेतही समजे, बोलपट आला आणि या विश्वभाषेचे तुकडे झाले. दुसरी समजूत साहित्याच्या अभ्यासकांची, आणि ती सहसा कोणी उघडपणे मांडीत नाही: ज्या कलेत शब्दच नाही, तिचा वाङ्मयविचाराशी संबंध काय? म्हणून नाटकाच्या इतिहासात संहितांची चर्चा होते, बोलपटाच्या निमित्ताने संवादांची आणि गीतांची होते. परंतु १९१२ पासून सुमारे दोन दशकांत या देशात जे तेराशेहून अधिक मूक कथापट निघाले, त्यांना वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचितच एखाद्या परिच्छेदाची जागा मिळाली आहे.

या दोन समजुती परस्परविरोधी भासल्या तरी त्यांचा पाया एकच आहे. मूकपटात शब्द नव्हता, हे दोहोंचेही गृहीत आहे. एकीला ते त्याचे वैभव वाटते, दुसरीला ती त्याची उणीव वाटते, एवढाच काय तो फरक. पण हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. आरंभकाळातील भारतीय मूकपट शब्दावाचून उभा राहिलेला नव्हता. त्याचा शब्द पडद्यावरील पात्रांच्या मुखात नव्हता इतकेच. तो पडद्यावरच्या पाटीत होता, चित्रगृहाच्या अंधारात होता, आणि सर्वांत अधिक प्रेक्षकाच्या स्मरणात होता. त्या स्मरणातील शब्दाशी चित्राने काय केले, या प्रश्नावरच मूकपटाचे मूल्यमापन व्हावयास हवे.

२

दादासाहेब फाळके यांनी आपल्या पहिल्या कथापटासाठी निवडलेला विषय या दृष्टीने विशेष बोलका आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. हरिश्चंद्राची कथा ही दिलेल्या शब्दाची कथा आहे. राजा वचन देतो, वचनापायी राज्य, पत्नी, पुत्र आणि अखेर स्वतःलाही गमावतो, परंतु शब्द मोडीत नाही. रंगभूमीवर किंवा कीर्तनात या आख्यानाचा सारा भार उच्चारलेल्या वाक्यावर असतो. राजाने ‘दिले’ असे म्हटले की पुढील सर्व अनर्थ अटळ होतो. ज्या माध्यमात काहीच उच्चारता येत नाही, त्या माध्यमाचा आरंभ अशा कथेने व्हावा, हे विचार करण्यासारखे आहे.

या चित्रपटाचे पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे आज उपलब्ध आहे. आणि हा अंश मूळ १९१३ सालच्या चित्रपटाचा की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. तरीही जे शिल्लक आहे त्यावरून पद्धती ध्यानात येते. राजा आपल्या पुत्राला धनुर्विद्या शिकवीत आहे; प्रजाजन त्याला मृगयेस येण्याची विनंती करतात; रानात त्याच्या कानी स्त्रियांचा आक्रोश पडतो; तो धावत जातो तो विश्वामित्राच्या यज्ञकुंडातील ज्वाळांत तीन शक्ती बद्ध झालेल्या दिसतात. त्यांना मुक्त करून राजा ऋषीचा कोप ओढवून घेतो आणि त्याच्या शांतवनासाठी राज्यदान करतो. म्हणजे कथेला गती मिळते ती ऐकू आलेल्या एका आर्त स्वराने, आणि ती बांधली जाते ती उच्चारलेल्या एका वचनाने. पडद्यावर स्वरही नाही आणि वचनही नाही. नट थबकतो, मान वळवितो. प्रेक्षक तेवढ्यावरून आक्रोश ऐकतो. राजा नतमस्तक होऊन हात पुढे करतो. प्रेक्षक तेवढ्यावरून प्रतिज्ञा ऐकतो.

हे ऐकणे प्रेक्षकाला शक्य झाले, कारण तो ते पूर्वी अनेकदा ऐकून आला होता. हरिश्चंद्राची कथा ऐतरेय ब्राह्मणापासून मार्कंडेय पुराणापर्यंत रूपे पालटीत आलेली. कन्नडात राघवांकाने तिच्यावर काव्य रचले. हिंदीत भारतेंदु हरिश्चंद्रांनी नाटक लिहिले. महाराष्ट्रात ती कीर्तनकारांच्या आख्यानांतून आणि आजीच्या गोष्टींतून घरोघर पोहोचली. गांधीजींनी बालपणी या कथेचे नाटक पाहून त्याचा आपल्या मनावर झालेला खोल परिणाम आत्मकथेत नमूद केला आहे. अशा प्रेक्षकासमोर मुके चित्र ठेवले तर ते त्याच्या दृष्टीने मुके राहत नाही. तामिळ प्रेक्षक त्यात तामिळ शब्द भरतो, बंगाली प्रेक्षक बंगाली भरतो. तेव्हा मूकपट सर्व प्रांतांत समजला याचे श्रेय एकट्या चित्राला देणे योग्य नव्हे. आधीच अनेक भाषांत नांदत असलेल्या कथेचे ते श्रेय होते. भाषा नाहीशी झाली नव्हती. प्रत्येकाने ती घरून आणली होती.

फाळक्यांना याची जाणीव होती, असे म्हणण्यास आधार आहे. ‘नवयुग’ मासिकात १९१७–१८ साली लिहिलेल्या लेखांत त्यांनी आपल्या उद्योगाची हकीकत दिली आहे. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा पट पाहत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण यांची चित्रे उभी राहत होती, असे ते तेथे सांगतात. परक्या चित्रात आपला शब्द ऐकणारा हा पहिला प्रेक्षक होता. पुढे १९१२ साली विलायतेस जाऊन त्यांनी कॅमेरा आणि यंत्रसामग्री आणली, ती या अनुभवाला व्यवहारात उतरविण्यासाठी.

३

शब्द एकाकडे आणि देह दुसऱ्याकडे, ही विभागणी मराठी प्रेक्षकाला अपरिचित नव्हती. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा आख्यान पद्यातून सांगण्याचे काम सूत्रधाराकडे होते आणि पात्रे त्याच्या अनुरोधाने अभिनय करून आयत्या वेळी सुचेल तसे भाषण करीत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेली पौराणिक चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर दाखविली. तेथेही चित्र पडद्यावर आणि निवेदन बाजूला, अशीच योजना होती. चित्रकथी तर याहून कितीतरी जुना. मूकपटातील मजकुराची पाटी, जिला त्या धंद्यात ‘टायटल’ म्हणत, ही या परंपरेतील सूत्रधाराची उत्तराधिकारी होय. ती प्रवेशाची सूचना देते, पात्राचे नाव सांगते, प्रसंगाचा निष्कर्ष काढते आणि दूर होते.

तथापि सूत्रधार आणि पाटी यांत एक महत्त्वाचा भेद आहे. सूत्रधाराचा शब्द सर्वांच्या कानी पडतो. पाटीचा शब्द वाचता येणाऱ्यालाच मिळतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या उपलब्ध प्रतीत पाट्या इंग्रजी आणि हिंदी या दोन भाषांत आहेत, पुढील काळात एकाच पाटीवर तीन-चार लिप्या येऊ लागल्या. वाचता न येणारा बहुसंख्य प्रेक्षक त्यासाठी शेजाऱ्यावर अवलंबून असे. साक्षर माणूस मोठ्याने वाची, कोठे चित्रगृहाचा मालक त्या कामासाठी माणूस नेमी, आणि तो वाचता वाचता स्वतःच्या पदरचेही चार शब्द घाली. जोडीला पेटी आणि तबला असे. तेव्हा ज्याला आज मूकपटाचे मौन म्हणून गौरविले जाते, ते चित्रगृहात क्वचितच अनुभवास येत असेल. तेथे होते ते एकाच चित्राचे एकाच वेळी अनेक भाषांत चाललेले निरूपण. वाङ्मयाच्या दृष्टीने हा प्रकार उपेक्षणीय नाही. भाषांतर हा ज्या देशाच्या वाङ्मयजीवनाचा नित्यक्रम आहे, त्या देशात एका अंधाऱ्या दालनात ते दर खेळाला घडत होते. मात्र पाट्यांचा मजकूर लिहिणाऱ्यांची नावे बहुधा कोणी नोंदविली नाहीत, आणि वाचून दाखविणाऱ्यांची तर नाहीतच.

४

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळण्याजोगा नाही. कथा प्रेक्षकाच्या स्मरणात आहे, शब्द तो स्वतःच पुरवितो, तर मग चित्राने केले काय? ते केवळ ठाऊक असलेल्या गोष्टीचे सचित्र स्मरण ठरत नाही काय? ‘राजा हरिश्चंद्र’पुरता हा आक्षेप बव्हंशी मान्य करावा लागेल. त्यातील दृश्यरचना स्थिर आहे. पात्रे रंगमंचावरील देखाव्याप्रमाणे मांडलेली आहेत. आणि घराघरांतील भिंतींवर टांगलेल्या रविवर्मांच्या छापील चित्रांशी त्यांचे नाते उघड दिसते. छपाईच्या व्यवसायात रविवर्मा छापखान्यासाठी काम केलेल्या फाळक्यांकडून ते अपेक्षितही होते. तारामतीचे काम अण्णा साळुंके या उपाहारगृहात नोकरी केलेल्या तरुणाला द्यावे लागले, कारण स्त्रिया कॅमेऱ्यापुढे येण्यास तयार नव्हत्या. प्रेक्षकाने त्याच्या ठायी तारामती पाहिली ती आपल्या मनातील तारामतीच्या बळावर. येथे स्मरण चित्राचा आधार आहे, आणि चित्र त्या आधाराला फारसे काही परत देत नाही.

पण फाळक्यांची वाटचाल तेथे थांबली नाही, आणि याच ठिकाणी चिकित्सेने सरसकट विधान करण्याचा मोह आवरला पाहिजे. १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ सुदैवाने बराचसा उपलब्ध आहे. त्यात कृष्णाची भूमिका फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाचा आरंभ कृष्णकथेने होत नाही. प्रथम पडद्यावर येतो तो एका लहान मुलीचा चेहरा. ती राग, हर्ष, भय असे भाव एकामागून एक मुद्रेवर आणते, जणू प्रेक्षकांपुढे तिची परीक्षा चालली आहे. मग तीच प्रतिमा विरघळत जाऊन तिच्या जागी मोरमुकुट धारण केलेला कृष्ण दिसू लागतो. हे पाहिल्यावर प्रेक्षक कृष्णाला विसरत नाही आणि त्या मुलीलाही विसरत नाही. पुढे बाळकृष्णाच्या खोड्या सुरू होतात, तेव्हा त्यांत आख्यानातील लीला आहे आणि शेजारच्या घरातील पोराचा खट्याळपणाही आहे.

कीर्तनकाराला हे साधते, परंतु निराळ्या रीतीने. तो ‘पहा, पहा’ असे म्हणतो आणि श्रोता कल्पनेने पाहतो. देहाला तेथे अवकाश नाही. रंगभूमीवर देह आहे, परंतु नट नटरूपात समोर येऊन मग देव झाला, हे रूपांतर एका चेहऱ्यावर निरखता येत नाही. चित्रपटाला ते निरखता आले. डोहातील युद्धाच्या वेळीही दिग्दर्शक पाण्याखालील झुंज आणि काठावर आक्रोश करणारी गोकुळची माणसे यांच्यात आलटूनपालटून नेतो. कृष्ण वर येणारच, हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक आहे; काठावरच्यांना ते ठाऊक नाही. ठाऊक असलेल्या कथेत न ठाऊक असणाऱ्यांची व्याकुळता शेजारी आणून ठेवणे, ही या चित्रपटाची खरी कमाई होय. येथे चित्र स्मरणातील शब्दाची पुनरुक्ती करीत नाही. त्या शब्दाला नवा अर्थ देते. पौराणिक मूकपटाचे यश मोजावयाचे तर ते या निकषावर मोजावे, केवळ त्याच्या लोकप्रियतेवर नव्हे.

५

स्मरणाचा आधार जेथे नाही, तेथे काय झाले, हा याहून कठीण प्रश्न. त्याचे पहिले मोठे उत्तर कोल्हापूरने दिले. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कथा कादंबरीकार नारायण हरि आपटे यांची. नायक एक तरुण शेतकरी, आणि ती भूमिका व्ही. शांताराम यांची. कर्जापायी जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकऱ्याला शहरात गिरणीकामगार व्हावे लागते. या कथेला पुराणाचा आधार नाही. देव प्रकट होऊन उगारलेले खड्ग थांबविणार नाही, हेही प्रेक्षकाला उमगत जाते. मराठी शेतकऱ्याला सावकार अपरिचित नव्हता. १८७५ सालच्या दख्खनच्या दंग्यांची आठवण अद्याप पुसली नव्हती. परंतु तो परिचय आयुष्याचा होता, आख्यानाचा नव्हता. त्याला ठरलेले शब्द नव्हते आणि ठरलेला शेवटही नव्हता.

‘सावकारी पाश’ आज उपलब्ध नाही. त्याविषयी बोलताना ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणींवर विसंबावे लागते, आणि आठवणीवरून कलाकृतीचा निर्णय देणे धोक्याचे आहे. पण एक आठवण अशी आहे की ती स्वतःच विचाराला विषय पुरविते. दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांच्या मनात या चित्रपटातील एक दृश्य पुढे दीर्घकाळ राहिले: मंद उजेडातील एक उदास झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे. मूकपटातील कुत्र्याचे विव्हळणे ऐकू येण्याचा संभव नाही. तरीही स्मरणात टिकले ते विव्हळणेच. हरिश्चंद्राच्या कानी पडलेला आक्रोश प्रेक्षकाला ऐकू आला तो पुराणामुळे. हे विव्हळणे ऐकू आले ते केवळ छायाप्रकाशाच्या योजनेमुळे. चित्राला स्वतःचा स्वर सापडल्याचा याहून चांगला पुरावा उरलेल्या साधनांत मिळणे कठीण. बाबुराव मुळात चित्रकार होते, आणि चित्रकाराला झोपडीतला काळोख बोलका कसा करावा हे ठाऊक असते. पण त्या काळोखाला अर्थ दिला तो आपट्यांच्या कथेने. चित्र आणि वाङ्मय यांचे इतके समतोल सहकार्य त्या काळात दुर्मिळ होते.

हे सहकार्य नेहमीच समतोल राहिले नाही, याचे उदाहरण मूकपटाच्या अखेरच्या पर्वात त्रावणकोरात सापडते. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांची ‘मार्तांडवर्मा’ ही मलयाळममधील ऐतिहासिक कादंबरी १८९१ साली प्रसिद्ध झाली होती. १९३३ साली पी. व्ही. राव यांनी तिच्यावर मूकपट केला. येथे कथा पुराणातील नव्हे, परंतु वाचकांना प्रिय झालेल्या ग्रंथातील होती. दिग्दर्शकाने कथाभाग सांगण्यासाठी मलयाळम आणि इंग्रजी पाट्यांचा सढळ उपयोग केला. त्यामुळे काही ठिकाणी चित्र पुढे सरकते ते पाटीच्या आधाराने, आणि प्रेक्षकाला वाचकाची भूमिका घ्यावी लागते. कादंबरीचे हक्क असलेल्या प्रकाशकाने चित्रपटावर दावा लावला आणि थोड्याच खेळांनंतर तो बंद पडला. पुराणकथेवर कोणाचा हक्क नसतो, कादंबरीवर असतो. मूकपट वाङ्मयाच्या किती जवळ गेला होता, हे न्यायालयाने अनायासे ठरवून दिले. आणि त्या दाव्यामुळेच चित्रपटाची प्रत प्रकाशकाच्या ताब्यात पडून राहिली, १९७४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या हाती आली आणि वाचली. ज्यांच्यावर दावा झाला नाही असे शेकडो पट नष्ट झाले.

६

बोलपट आल्यावर मराठीतील पहिल्या बोलपटासाठी निवडली गेली तीही हरिश्चंद्राचीच कथा. प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली आला. शांताराम यांनी दिग्दर्शन केले. गोविंदराव टेंबे यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. एकोणीस वर्षांपूर्वी जे वचन प्रेक्षकाला मनातल्या मनात उच्चारावे लागले होते, ते आता राजाच्या मुखातून ऐकू आले. पण ते ऐकू येण्यासाठी कोणती तरी एक भाषा ठरविणे भाग होते, म्हणून हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन रूपांत काढावा लागला. प्रेक्षकाने घरून आणलेल्या भाषेची आता गरज उरली नाही.

या बदलाचा शोक करण्याचे कारण नाही. बोलपटाने शब्द निरक्षराच्याही कानापर्यंत पोहोचविला. जे पाटीला साधले नव्हते ते त्याने साधले. परंतु मूकपटाच्या जागी काय होते याचा विसर पडणे मात्र अभ्यासाच्या दृष्टीने हानिकारक आहे. ती जागा रिकामी नव्हती. तेथे पुराणे, कीर्तने, कादंबऱ्या, बहुभाषी पाट्या आणि त्या मोठ्याने वाचणारी माणसे होती. त्यांतील पुराणे आणि कादंबऱ्या ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. चित्रे मात्र बहुतेक गेली. तेराशेहून अधिक मूकपटांपैकी पूर्ण अथवा तुटक स्वरूपात हाती उरले आहेत ते दोन-तीन डझनांच्या आसपास. नायट्रेटची फीत पेट घेते, पेटली नाही तर कुजते. पुण्यात संग्रहालयाने जपून ठेवलेल्या जुन्या नायट्रेट फितींपैकीही मोठा भाग जानेवारी २००३ मधील आगीत गेला.

अशा स्थितीत मूकपटांचे चिकित्सक अध्ययन हे काही अंशी लुप्त ग्रंथांच्या अध्ययनासारखेच करावे लागेल. एखादा ग्रंथ नष्ट झाला तरी इतर ग्रंथांतील उताऱ्यांवरून, टीकांवरून आणि उल्लेखांवरून त्याचे स्वरूप निश्चित करण्याची शिस्त भारतीय पंडितांना अवगत आहे. तीच शिस्त येथे हवी: बाबुराव पेंटर यांच्या कंपनीने आणि इतरांनी काढलेल्या कथासाराच्या पुस्तिका, वृत्तपत्रांतील जाहिराती आणि परीक्षणे, १९२७–२८ सालच्या रंगाचारियर समितीपुढे झालेल्या साक्षी, आणि उरलेल्या पाट्यांचा अक्षरशः मजकूर. ही साधने मराठीत, गुजरातीत, बंगालीत, तामिळमध्ये आणि उर्दूत विखुरलेली आहेत. कोणा एका भाषेच्या अभ्यासकाला ती पुरी पडणारी नाहीत. चित्रपटाच्या इतिहासकारांनी या कामाचा आरंभ केला आहे. परंतु पाटीवरील वाक्याचे वळण, आख्यानाचे मूळ रूप आणि प्रेक्षकाच्या भाषेत त्याचे झालेले रूपांतर यांची पारख वाङ्मयाच्या अभ्यासकाकडे आहे, आणि तो अद्याप या कामापासून दूर राहिला आहे. पडद्यावरील राजाने उच्चारलेला शब्द १९१३ साली प्रेक्षकाने पुरा केला होता. तो नेमका कोणता शब्द होता, याचा शोध घेण्याचे काम बाकी आहे.